एआयओच्या कंट्रोलरवर केसचे फॅन फुल स्पीडनेच पळतात किंवा ० आरपीएम दाखवतात : कुठून बघायला सुरुवात करायची

तक्रार दर वेळी साधारण एकच असते. नवीन लिक्विड कूलर घेतला (एआयओ म्हणजे हाच, पंप, नळ्या आणि पाणी गार करणारा रेडिएटर असा तयार जोडलेला संच), त्याच्याबरोबर साटावर, म्हणजे एसएसडीला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायच्या केबलवर, चालणारा आणि फॅनचा स्पीड ठरवणारा छोटा कंट्रोलर आला, त्यात सहा फॅनची जागा दिसली म्हणून रेडिएटरच्या फॅनबरोबर कॅबिनेटचे जुने फॅनपण त्यातच खोचले, पीसी चालू केला आणि आता कॅबिनेटचे फॅन मिक्सरसारखे ओरडतायत, सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर २० टक्क्यांवर आणला तरी ढिम्म फरक पडत नाही. किंवा उलटं, फॅन डोळ्यांसमोर गरागरा फिरतोय आणि स्क्रीनवर ० आरपीएम, म्हणजे मिनिटाला शून्य फेरे. मग दुकानदार म्हणतो कंट्रोलर गेलाय, कंट्रोलरवाले म्हणतात फॅन खराब आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात.

गोम अशी आहे की प्लग बसला म्हणजे जमलं असं या प्रकरणात नसतं. फॅनच्या एका केबलमध्ये तीन कामं चाललेली असतात, वीज देणं, स्पीडचा हुकूम पोचवणं आणि फॅन किती फिरतोय त्याची खबर परत आणणं. लाइटवाला फॅन असेल तर चौथं काम वेगळ्या केबलमधून. यातलं नेमकं कुठलं अडकलंय हे आधी काढायचं, खर्चाचं नंतर बघू.

तर पीसी बंद करा, मागचं स्विच बंद करा, साइड पॅनल काढा आणि फॅनचा प्लग हातात घेऊन भोकं मोजा. हे इतकं साधं आहे की कोणी करतच नाही, सगळे थेट सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करायला धावतात.

तीन भोकं असतील तर एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट आणि एक स्पीडची खबर देणारी. हुकूम घेणारी तार त्यात नाहीच. असा फॅन हळू करायचा तर त्याला मिळणारं व्होल्टेजच कमी करावं लागतं, यालाच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, डीसी मोड म्हणतात. चार भोकं असतील तर चौथी तार पीडब्ल्यूएमची. तिथे व्होल्टेज कायम १२ च राहतं आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल जातो, त्यात चालूचा वाटा किती यावरून फॅन आपला स्पीड ठरवतो. इंटेलच्या २००५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये हेच आहे, २५ किलोहर्ट्झ, आणि त्यातच अजून एक गोष्ट आहे जी या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. चौथ्या तारेवर काहीच सिग्नल आला नाही तर फॅनने फुल स्पीडने पळायचं. म्हणजे फॅन ओरडतोय याचा अर्थ तो बिघडलाय असा नाही, त्याला कोणी काही सांगत नाहीये म्हणून तो सेफ साइडला राहून जोरात पळतोय.

आता लिक्विड कूलरबरोबर येणारे बरेच कंट्रोलर फक्त पीडब्ल्यूएमवर चालतात. उदाहरण द्यायचं तर कोर्सेअरचा जुना कमांडर प्रो दोन्ही प्रकार चालवतो, व्होल्टेजवालापण आणि पीडब्ल्यूएमवालापण, पण कमांडर कोर एक्सटी फक्त पीडब्ल्यूएम. नावं सारखी, पोर्ट सारखे, तीन पिनचा प्लग दोन्हीत आरामात बसतो. कोर एक्सटीसारख्या कंट्रोलरवर तीन पिनचा फॅन लावला तर त्याला सरळ १२ व्होल्ट मिळतात, आरपीएम बरोबर दिसतो, स्लायडर मात्र शोभेचा. म्हणून ओळखायची खूण अशी, आकडा बरोबर येतोय पण स्लायडर हलवून काही होत नाही, तर पहिला संशय तीन पिनवर घ्या. याला सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, फर्मवेअर अपडेट करून कंट्रोलरमध्ये व्होल्टेज कमी करायचं सर्किट उगवत नाही. तो फॅन तिथून काढा, मदरबोर्डच्या केस फॅनच्या हेडरवर (बोर्डवरची प्लग लावायची पिनांची जागा) लावा आणि बायोसमध्ये जाऊन त्या हेडरला डीसी मोड द्या. असुसच्या बोर्डवर हे क्यू-फॅनमध्ये सापडेल, गिगाबाइटवर स्मार्ट फॅनमध्ये, एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटरमध्ये, एएसरॉकवर फॅन-टॅस्टिक ट्यूनिंगमध्ये. ऑटोवर भरवसा ठेवू नका, हाताने डीसी निवडा. आणि व्होल्टेजवर चालवताना ३०-४० टक्क्यांच्या खाली गेलात तर काही फॅन सुरूच होत नाहीत, टकटक करत जागेवर हलत राहतात, तेव्हा कर्व्हचा (किती तापमानाला किती स्पीड हे ठरवणारी रेघ) खालचा बिंदू फॅन नक्की सुरू होतो तिथेच ठेवा.

रंगावर जाऊ नका हे इथेच सांगतो. जुन्या तीन तारांच्या फॅनमध्ये काळी ग्राउंड, लाल १२ व्होल्ट आणि पिवळी खबर देणारी. इंटेलच्या चार तारांमध्ये काळी ग्राउंड, पण पिवळी १२ व्होल्ट, हिरवी खबर आणि निळी पीडब्ल्यूएम. म्हणजे पिवळी तार एकीकडे सिग्नल आणि दुसरीकडे वीज. कोणी व्हिडिओ बघून तारा कापून जोड देत असेल तर त्याला थांबवा. आता बहुतेक फॅनच्या चारही तारा काळ्याच असतात, तेव्हा प्लगचा आकार बघायचा. प्लगच्या एका बाजूला दोन उंचवटे असतात आणि हेडरला मागे प्लास्टिकची पट्टी असते, ती पट्टी पहिल्या तीन पिनच्या मागेच असते, म्हणून तीन पिनचा प्लग बरोबर १-२-३ वरच बसतो. पण काही स्वस्त हबवर (एका जागेवरून अनेक फॅन जोडायचा डबा) ही पट्टीच नसते, नुसत्या चार उघड्या पिना. तिथे अंधारात बोटं घालून लावताना प्लग एक घर सरकून बसू शकतो. मोबाइलचा टॉर्च लावून बघा, अंदाजाने खोचू नका.

सहा पिनचे फॅन असतील तर विषय लवकर संपतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेले, रिमोटने रंग बदलणारे, ते हे. त्यांची पिनची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, दिसायला प्लग सारखा असला तरी आत काय कुठे आहे याला काही प्रमाण नाही, एकाचा फॅन दुसऱ्याच्या हबवर लावला तर एलईडी किंवा मोटर जाऊ शकते. एआयओच्या कंट्रोलरवर ते यायचे नाहीत, कन्व्हर्टरच्या नादाला लागू नका. आहे त्या हबवर राहू द्या, नाहीतर चार पिनचे साधे फॅन घ्या. तसंच नवीन सिस्टिमवाले फॅन, कोर्सेअरचा आयक्यू लिंक किंवा लियान लीचा युनी फॅन, हे आपापल्या कनेक्टरवर आणि आपापल्या कंट्रोलरवरच नीट चालतात. दोन कंपन्यांचं मिश्रण करायचं असेल तर मग साधा चार पिनचा फॅन आणि साधा हब हाच सुखाचा मार्ग, दिसायला कमी पण डोक्याला ताप नाही.

लाइटचं वेगळं बघायचं. एआरजीबी म्हणजे ५ व्होल्ट, चार जागांपैकी एक रिकामी असलेला तीन पिनचा प्लग. जुनं आरजीबी म्हणजे १२ व्होल्ट, सलग चार पिन. ५ व्होल्टवालं १२ व्होल्टवर लावलं की एलईडी जळतात आणि वॉरंटीवाले ते लगेच ओळखतात. फॅन फिरतोय पण लाइट नाही, किंवा लाइट आहे पण फॅन फिरत नाही, या दोन तक्रारींचा एकमेकांशी बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो, केबल वेगळी, कंट्रोल वेगळा, म्हणून एकात एक कालवू नका.

आता असं धरा की तुमचे सगळे फॅन चार पिनचे आहेत आणि तरी फुल स्पीड. इथे सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा म्हणजे हब. साटावरून वीज घेणारा हब, त्याची एक केबल मदरबोर्डच्या हेडरवर. वीज साटावरून येतेय, हेडरवरून फक्त चौथ्या तारेचा हुकूम यायचा आहे. पण तो हेडर बायोसमध्ये डीसी मोडवर असेल तर बोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करत बसतो, ते व्होल्टेज हब वापरतच नाही, आणि चौथ्या तारेवर कामाचं काही येत नाही. मग हबवरचे सगळेच्या सगळे फॅन १०० टक्के. ऑटो मोडवरसुद्धा बोर्ड हबला ओळखायला चुकतो. हेडर पीडब्ल्यूएमवर टाका, एका मिनिटात शांतता होते. माझ्याकडे जी फुल स्पीडवाली केस येते त्यात मी आधी हेच बघतो आणि खूपदा पुढे जावंच लागत नाही.

पीडब्ल्यूएमवर टाकूनही होत नसेल तर हबवरचे फॅन कमी करून बघा. दोनच ठेवा. दोन फॅन नीट हळू होतात आणि सहा-आठ लावले की सगळे परत जोरात, असं होत असेल तर हुकूम कमजोर पडतोय. होतं असं की प्रत्येक फॅन आतून चौथी तार वर ओढून धरतो आणि कंट्रोलरला ती ग्राउंडकडे खाली खेचायची असते, स्पेसिफिकेशनप्रमाणे एका फॅनमागे ५ मिलीअँपिअरपर्यंत. आठ फॅन एकत्र झाले की ४० मिलीअँपिअर, आणि स्वस्त हबमध्ये हुकूम परत जोर देऊन पुढे पाठवणारा बफर नसतो, सगळ्या तारा नुसत्या एकत्र डाग दिलेल्या असतात. तार पूर्ण खाली जात नाही, फॅनला वाटतं अजून जोरातच सांगितलंय. याला उपाय म्हणजे दोन गट करा, अर्धे एका हेडरवर, अर्धे दुसऱ्यावर.

विजेचंपण बघून घ्या. मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरची मर्यादा सहसा १ अँपिअर म्हणजे १२ वॅट असते, पंपासाठीचे हेडर २-३ अँपिअरचे असतात. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ जेमतेम ०.१४ अँपिअर घेतो, तसे तीन-चार स्प्लिटरवर (एका हेडरला अनेक फॅन जोडणारी वायर) सहज चालतील, पण लाइटवाले आणि ३००० आरपीएमवाले फॅन बरंच जास्त ओढतात आणि सुरू होताना त्याहून जास्त. फॅनच्या मागच्या स्टिकरवर आकडा छापलेला असतो, बेरीज करा. साटाच्या बाजूनेपण एकाच केबलवर पंप, कंट्रोलर, लाइटचा हब, एसएसडी असं सगळं लोंबकळवू नका, साटाच्या एका कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर इतकंच जायला पाहिजे. आणि पॉवर सप्लायची साटा केबल कमी पडली म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलर पॉवर सप्लायची केबल लावायची नाही, सप्लायच्या बाजूची पिन-मांडणी वेगळी असते, बसते आणि सगळं जाळते.

शून्य आरपीएमची गंमत वेगळी. स्प्लिटर हातात घेऊन नीट बघा, दोन टोकांपैकी एकाला चार पिना असतील आणि दुसऱ्याला तीनच, तिसरी जागा रिकामी. ती तुटलेली नाही, मुद्दाम काढलेली आहे. फॅन एका फेऱ्याला दोन पल्स पाठवतो, दोन फॅनचे पल्स एकाच तारेवर आले तर बोर्ड भलतेच आकडे दाखवतो, कधी दुप्पट, कधी नाचणारे. म्हणून चांगल्या स्प्लिटरमध्ये आणि हबमध्ये एकाच फॅनची खबर वर जाते, हबवर त्या पोर्टला सहसा वेगळा रंग नाहीतर १ आकडा असतो. तो पोर्ट रिकामा ठेवलात तर बाकी सहा फॅन फिरत असले तरी बोर्ड म्हणणार ०. एक फॅन तिकडे सरकवा, झालं.

पंपाचंही तसंच. साटावर चालणाऱ्या पंपातून एक बारीक केबल निघते, प्लग तीन भोकांचा पण तार एकच, ती सीपीयू फॅनच्या हेडरवर लावायची. ती फक्त खबर देते. ती लावली नाही आणि रेडिएटरचे फॅन कंट्रोलरवर गेले की सीपीयू फॅनच्या हेडरवर कोणीच उरत नाही, मग पीसी चालू करताना सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा. लोक बायोसमध्ये जाऊन ती वॉर्निंगच इग्नोर करून टाकतात. मी म्हणेन करू नका, उद्या पंप खरंच बंद पडला तर सांगणारा तोच एक आहे. ज्या पंपाला साटा नाही आणि तो हेडरवरूनच वीज घेतो त्याला मात्र पंपाच्या हेडरवर लावून फुल स्पीड किंवा कंपनीने सांगितलेलं सेटिंग द्या, चुकून फॅनचा कर्व्ह मिळाला तर आयडलला, म्हणजे पीसी नुसता बसून असताना, पंपाचं व्होल्टेज कमी होऊन तो रखडतो.

फॅन कधी ऐकतात कधी नाही, स्लीपमधून उठल्यावर फुल, मध्येच पंपाचा आरपीएम वेडावाकडा, असं असेल तर तारांना हात लावायच्या आधी टास्क मॅनेजर उघडा. कूलरचं सॉफ्टवेअर चालू, बोर्डच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालू, वरून तापमान आणि आरपीएम दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू, आणि सगळे एकाच यूएसबीवरच्या कंट्रोलरशी एकाच वेळी बोलतायत. एचडब्ल्यूइन्फो तर अशा काही कूलरसाठी स्वतःच सूचना देतो की दुसरं सॉफ्टवेअर चालू असेल तर हे सेन्सर बंद ठेवा. एकालाच मालक करा. बाकीच्यांमध्ये त्या कंट्रोलरचं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर ते काढूनच टाका. लिनक्सवाल्यांना लिक्विडसीटीएल नावाचं सॉफ्टवेअर आहे, बरेच कूलर त्यावर वाचता येतात. मधूनच यूएसबी तुटल्याचा टुणटुण आवाज येत असेल तर आतल्या नऊ पिनच्या यूएसबी २.० हेडरकडे बघा, स्वस्त स्प्लिटर असेल तर तो काढून कंट्रोलर थेट बोर्डवर लावून बघा.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे जास्त होते आणि परदेशातल्या गाइडमध्ये सापडत नाही. सगळं बरोबर लावलंय, स्लायडर ऐकतो, पण एप्रिल-मे आला की फॅन आयडललाच जोरात. कंट्रोलरचा तयार कर्व्ह बहुतेक वेळा आतल्या पाण्याच्या तापमानावर चालतो, सीपीयूच्या नाही. खोली २२ अंश असेल तर आयडलला पाणी २६ ते ३० च्या मध्ये राहतं आणि तो कर्व्ह त्या हिशोबानेच आखलेला असतो. नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४४-४५, वाळ्याचा कूलर लावलेल्या खोलीतही ३४-३५, म्हणजे काही काम न करता पाणी ४० च्या घरात. रेडिएटर पाण्याला खोलीच्या खाली नेऊच शकत नाही, फॅन कितीही पळवा. कर्व्हला मात्र वाटतं लोड आलाय. इथे हाताने कर्व्ह काढा, पाणी ४२ होईपर्यंत फॅन ४० टक्क्यांच्या आसपास, तिथून वर चढवत ५२-५५ ला १००. बहुतेक कंपन्या पाण्याची मर्यादा ६० च्या आसपास सांगतात, तेव्हा हातात जागा राहते. पुण्यात डिसेंबरला हाच कर्व्ह चालतो, फक्त फॅन जवळजवळ कायम तळाशी राहतील, त्यात काही वाईट नाही.

याउलट कॅबिनेटचे फॅन बोर्डवर असतील तर ते सीपीयूच्या तापमानावर चालतात आणि ब्राउझर उघडला की सीपीयू एका सेकंदात १५-२० अंश उडी मारतो, मग फॅन वूऽऽम करून वर जाणार आणि परत खाली, दिवसभर. बायोसमध्ये स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग असं काहीतरी असतं, ते सगळ्यात जास्तवर न्या. गेम खेळणारे असाल तर कॅबिनेटचे फॅन ग्राफिक्स कार्डच्या तापमानावर लावा, त्यासाठी फॅन कंट्रोल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण वर म्हटलं तसं, मग ते एकटंच ठेवा.

नवीन घ्यायला जाणार असाल तर लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, "या कूलरबरोबर हे फॅन चालतील का" असं विचारू नका, उत्तर "सगळं चालतं साहेब" हेच येणार. विचारा की फॅन चार पिनचा पीडब्ल्यूएम आहे का, कंट्रोलर डीसीपण करतो का, लाइट ५ व्होल्टचा स्टँडर्ड प्लग आहे की कंपनीचा स्वतःचा. बॉक्सवर नाही दिसलं तर कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल मोबाइलवर तिथेच उघडा. रेडिएटरसाठी स्टॅटिक प्रेशरवाला, म्हणजे दाट जाळीतूनही हवा ढकलणारा, फॅन बघा, आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम स्वस्तात मस्त आहे, फक्त लक्षात ठेवा तो ५ टक्क्यांच्या खाली पूर्ण थांबतो, तेव्हा ० आरपीएम दिसला तर घाबरू नका.

आणि हे सगळं करताना सीपीयू आयडललाच ९० च्या वर चढत असेल तर फॅनचा नाद सोडा. रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना बोट लावा. पाणी फिरत असेल तर दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागतात. एक गरम आणि एक थंड असेल, किंवा सीपीयूवर बसणारा ब्लॉक तापलाय आणि रेडिएटर गारच आहे, तर पंप बंद आहे. आधी पंपाची साटा केबल निघालीय का बघा, नसेल तर पीसी बंद करा आणि बिल शोधा, ते प्रकरण वॉरंटीचं आहे.